हाताला मानवेल ती रॅकेट

पॅडल या खेळाच्या नियमपुस्तकाने रॅकेटला एक चौकट आखून दिली आहे. लांबी जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर, रुंदी २६ सेंटिमीटर, जाडी ३८ मिलिमीटर. टेनिससारख्या तारा इथे नसतात. भरीव पृष्ठभाग असतो आणि त्यावर ९ ते १३ मिलिमीटर व्यासाची भोकं. मनगटात अडकवायची दोरी सक्तीची. जगज्जेत्याची रॅकेट याच मापात बसते आणि मुंबई-पुण्यातल्या क्लबात तासाभरासाठी भाड्याने मिळणारीही याच मापात बसते. तरी एकीची किंमत दुसरीच्या कित्येक पट असते. आणि पुष्कळदा असं होतं की महागडी रॅकेट घेऊन हौसेने कोर्टवर उतरलेला माणूस काही आठवड्यांत कोपर धरून बसतो. या दोन्हींचं कारण त्या चौकटीच्या आत आहे. रॅकेटवर कोणत्या खेळाडूची सही आहे हे पाहण्याआधी तिच्या पोटात काय आहे, हे वाचता आलं पाहिजे. या लेखात तेच वाचायचा प्रयत्न आहे.

लाकडापासून कार्बनपर्यंत

पॅडलचा जन्म १९६९ साली मेक्सिकोत अकापुल्कोला झाला. एनरिके कोर्कुएरा यांनी घराच्या आवारात भिंतींनी वेढलेलं छोटं कोर्ट बांधलं आणि लाकडी फळीने खेळता येईल असा खेळ बसवला. त्यांचे मित्र अल्फॉन्सो दे होहेनलोहे यांना तो इतका आवडला की १९७४ मध्ये त्यांनी स्पेनमधल्या मार्बेयाला कोर्टं उभारली. पुढे तो अर्जेंटिनात गेला आणि तिथे रुजला. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, पुढच्याच वर्षी पहिली जागतिक स्पर्धा स्पेनमध्ये झाली आणि ती अर्जेंटिनाने जिंकली.

हा भूगोल लक्षात ठेवायला हवा, कारण रॅकेटचा धंदाही त्याच वाटेने वाढला. बुलपॅडल, नॉक्स, स्यूक्स, स्टारव्ही ही नावं स्पेनची. या कंपन्या पॅडलमध्येच जन्मल्या. टेनिसची जुनी घराणी, म्हणजे हेड, विल्सन आणि १८७५ पासून लिऑनमध्ये रॅकेटच्या तारा बनवणारी बाबोला, नंतर या खेळात आली. दरम्यान लाकूड मागे पडलं. आत फेसाचा गाभा, वर काचतंतूचा थर, अशी रॅकेट रूढ झाली आणि मग काचतंतूच्या जागी कार्बन आला. रॅकेट हलकी झाली, तिचा फटका जोरकस झाला. पण त्याबरोबर ती हाताला कठोरही झाली, आणि दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

आकार, गाभा, कातडं

रॅकेट वाचायची ती तीन पायऱ्यांनी. पहिली पायरी आकाराची. गोल, थेंबाचा आणि हिऱ्याचा असे तीन मुख्य आकार आहेत. गोल रॅकेटमध्ये वजन मुठीकडे झुकतं आणि स्वीट स्पॉट, म्हणजे चेंडू सर्वांत नीट बसतो ती जागा, मधोमध, ऐसपैस असतो. हिऱ्याच्या आकारात वजन वर सरकतं, स्वीट स्पॉटही वर जातो आणि आक्रसतो. थेंब या दोहोंच्या मधला. मुठीच्या बुडापासून तोलाचा बिंदू साधारण २५.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर तोल खाली, २६.५ च्या पुढे गेला तर वर. हा एक सेंटिमीटर मोठा असतो. हातोडा दांड्याच्या टोकाला धरला तर घाव जोरात बसतो, पण नेम आणि मनगट दोन्ही सांभाळावे लागतात. तोच हातोडा डोक्याजवळ धरला की नेम सोपा होतो आणि जोर घटतो. गोल आणि हिरा यांतला फरक नेमका हाच. म्हणून रॅकेट किती ग्रॅमची आहे एवढंच विचारून भागत नाही. बहुतेक रॅकेट ३४० ते ३८० ग्रॅमच्या दरम्यान असतात, पण ३५५ ग्रॅमची हिरा कधीकधी ३७० ग्रॅमच्या गोल रॅकेटपेक्षा हाताला जड लागते.

दुसरी पायरी गाभ्याची. बहुतेक रॅकेटच्या पोटात ईव्हीए नावाचं फेसाळ द्रव्य असतं. चपला-बुटांच्या तळव्यात वापरतात, त्याच जातीचं. ते मऊ, मध्यम, कडक अशा वेगवेगळ्या घनतेत येतं. काही कंपन्या दोन घनता एकत्र करतात, बुलपॅडलचा मल्टिईव्हा गाभा असा दुपदरी आहे. इथे नवख्यांची हमखास गफलत होते. कडक गाभा म्हणजे जास्त ताकद, हे अर्धंच खरं आहे. हळू फटक्यात मऊ गाभा दबतो, उसळतो आणि चेंडू आपसूक पुढे ढकलतो. कोर्टाच्या काचेच्या भिंतीवरून परतलेला चेंडू उचलून लॉब टाकताना ही मदत फार मोलाची ठरते. पण पूर्ण ताकदीच्या स्मॅशमध्ये मऊ गाभा चेपून जातो आणि ताकद गिळतो, तिथे कडक गाभ्याचं चालतं. म्हणजे कडक गाभ्याचा फायदा मिळायला आधी वेगवान फटका हातात असायला हवा. तो नसेल तर मिळतो फक्त हादरा, आणि तो थेट कोपरात जातो.

तिसरी पायरी वरच्या कातड्याची. काचतंतू लवचिक आणि स्वस्त, कार्बन ताठ. कार्बनवर ३के, १२के, १८के असं लिहिलेलं असतं. हा आकडा एका जुडीत किती हजार तंतू आहेत ते सांगतो, बाकी काही नाही. १८के म्हणजे १२केपेक्षा वरच्या दर्जाची, असा समज दुकानांत सर्रास दिसतो. पण रॅकेट किती ताठ लागेल हे थर किती आहेत, राळ कोणती आहे आणि खाली गाभा कोणता आहे यांवर एकत्रित ठरतं. पृष्ठभागावरचा खरखरीतपणा चेंडूला फिरकी द्यायला मदत करतो. साच्यातच उठवलेली नक्षी टिकते, वाळूसारखा फवारलेला थर खेळून खेळून झिजतो.

खेळाडूंच्या हातातल्या रॅकेट

आता सह्यांच्या रॅकेटकडे पाहू. आक्रमक खेळाचं आजचं सर्वांत ठळक उदाहरण आर्तुरो कोएयो. बायादोलिदचा हा उंच डावखुरा खेळाडू स्मॅश असा मारतो की जमिनीवर आदळलेला चेंडू कोर्टाबाहेर उडतो. हेडने त्याच्या नावाची मालिकाच काढली आहे आणि तिची मुख्य रॅकेट हिऱ्याच्या आकाराची आहे. आलेहांद्रो गालानची आदिदास मेटलबोन हीसुद्धा हिरा. तिच्यात छोटी वजनं स्क्रूने बसवता किंवा काढता येतात, त्यामुळे खेळाडू स्वतःच तोल बदलू शकतो. हुआन लेब्रॉन २०१९ मध्ये पुरुषांत अव्वल क्रमांकावर पोहोचलेला पहिला स्पॅनिश खेळाडू ठरला. त्याच्या नावाची बाबोलाची टेक्निकल वायपर याच कुळातली.

कोएयोचा जोडीदार आगुस्तिन तापिया अर्जेंटिनातल्या कातामार्काचा. २०२३ मध्ये या जोडीने सलग ४७ सामने जिंकले. तापिया काय करील याचा अंदाज प्रतिस्पर्ध्याला क्वचितच येतो. बचावातून एका पावलात तो हल्ल्यावर येतो. त्याची नॉक्स एटी१० जीनियस थेंबाच्या आकाराची आहे, आणि ते त्याच्या खेळाला धरूनच आहे. ज्याला प्रत्येक फटका हवा, त्याला कुठल्याच टोकाची रॅकेट चालत नाही. हौशी खेळाडूंपैकी ज्यांचा हात बसला आहे, त्यांनीही आधी थेंबाचाच विचार करावा असं मला वाटतं.

नियंत्रणाच्या बाजूला फेदे चिंगोत्तो आहे. गालानचा हा जोडीदार उंचीने लहान, पण त्याच्याकडून चेंडू निसटत नाही. त्याच्या नावाची बुलपॅडल न्यूरॉन नियंत्रण जपणारी आहे. एकाच जोडीत एकाच्या हातात मेटलबोन आणि दुसऱ्याच्या हातात न्यूरॉन. पॅडलमधल्या श्रमविभागणीचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको. एक जण गुण रचतो, दुसरा तो पुरा करतो. तुम्ही आपल्या जोडीत यांपैकी कोण आहात, हे रॅकेट घेण्याआधी ठरवायला हवं.

आणि या सगळ्या नियमांना आव्हान देणारी एक रॅकेट आहे. नॉक्सची एमएल१० प्रो कप. बाहिया ब्लांकाचा मिगेल लाम्पेर्ती प्रेक्षकांना उभं करणाऱ्या स्मॅशसाठी ओळखला जातो. पण त्याच्या नावाची ही रॅकेट गोल आहे, वर कार्बनऐवजी काचतंतू आहे, आणि ती वर्षानुवर्षं बाजारात टिकून आहे. ताकद मुळात खांद्यातून, पायांतून आणि चेंडूपर्यंत वेळेवर पोहोचण्यातून येते. रॅकेट तिच्यात भर घालते किंवा तिला आवर घालते. नवशिक्याला एकच नाव सुचवायचं झालं तर मी याच जातीचं सुचवीन.

महिलांच्या रॅकेटबद्दलही वेगळं सांगायला हवं. जेम्मा त्रियायच्या नावाची बुलपॅडल एलिट किंवा आले सालासारची फ्लो या मालिका वजनाला हलक्या आणि हाताला सौम्य आहेत. जेम्मा जगातल्या सर्वांत धारदार आक्रमक खेळाडूंपैकी एक आहे, त्यामुळे हलक्या रॅकेटने जोर लागत नाही हा समज तिच्या खेळापुढे टिकत नाही. खांदा किंवा कोपर कुरकुरत असेल अशा पुरुषांनीही या रॅकेट हातात धरून पाहाव्यात. बाजाराने घातलेली ही कप्पेबंदी हाताला ठाऊक नसते.

नव्या दमाचे ब्रँड

बहुतेक ब्रँडच्या रॅकेट चीनमधल्या कंत्राटी कारखान्यांत घडतात. साचा, गाभा आणि थर निवडायचे, रंगसंगती आपली, असा हा व्यवहार. त्यामुळे नवा ब्रँड काढणं सोपं झालं, आणि म्हणूनच कोणता नवा ब्रँड खरोखर काही नवं करतो हे पारखणं अवघड झालं. मला लक्षणीय वाटलेले काही इथे मांडतो.

स्टारव्ही तशी नवखी नाही, पण तिचा मार्ग वेगळा. माद्रिदजवळच्या आसुकेका दे एनारेसमध्ये ती स्वतःच्या कारखान्यात रॅकेट घडवते. उत्पादन परदेशी सोपवायच्या काळात तिने ते घरी ठेवलं, याचं मला मोठं मोल वाटतं. स्यूक्सने अर्जेंटिनाचा फ्रांको स्तुपाचुक याच्या नावाची इलेक्ट्रा आणली आणि मोठ्या नावांच्या रांगेत जागा मिळवली. पोर्तुगालच्या कॉर्क पॅडलने देशातलं पीकच रॅकेटमध्ये आणलं. बुचाच्या उत्पादनात पोर्तुगाल जगात पहिला. बूच हादरे शोषतं, हा त्याचा जन्मजात गुण, आणि दुखऱ्या कोपराच्या खेळाडूला त्याचाच उपयोग.

उत्तर युरोपात २०२० च्या आसपास पॅडलची लाट आली. स्वीडनमध्ये कोर्टं भराभर उभी राहिली आणि पुढे तितक्याच वेगाने अनेक क्लब दिवाळखोरीतही गेले. पण त्या लाटेने काही ब्रँड मागे ठेवले. २००९ मध्ये फ्रेंच ओपनला नदालला हरवणारा रॉबिन सोडरलिंग टेनिसच्या चेंडूंपासून सुरुवात करून आरएस नावाने पॅडलच्या रॅकेटपर्यंत आला. फ्लोअरबॉलच्या काठ्या बनवणारी ऑक्सडॉग आणि हॉकीतून आलेली बेल्जियमची ओसाका यांनीही पॅडलमध्ये पाय रोवले. काठ्या बनवताना कमावलेलं कार्बनचं ज्ञान त्यांना इथे उपयोगी पडलं.

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत जवळचा ब्रँड म्हणजे डेकॅथलॉनचा कुइक्मा. २०१८ मध्ये जगात अव्वल ठरलेला मॅक्सी सांचेस या ब्रँडच्या रॅकेटने खेळू लागला, आणि स्वस्त रॅकेट म्हणजे दुय्यम रॅकेट हा समज बराच सैल झाला. युरोपात मोठ्या ब्रँडच्या वरच्या रॅकेट ३०० युरोंच्या पुढे जातात. इतके पैसे न घालता आपला आकार आणि आपला गाभा कोणता हे शोधायचं असेल, तर अशी स्वस्त रॅकेटच योग्य शाळा आहे.

आपलं हवामान, आपला हात

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्ल्ड पॅडल लीग मुंबईत गोरेगावच्या नेस्को संकुलात भरली, तेव्हा जगातले नामवंत खेळाडू इथे खेळून गेले. मुंबई, पुणे, गोवा इथे कोर्टं वाढत आहेत. पण रॅकेटच्या शिफारशी मात्र आपण स्पेनमधून जशाच्या तशा उचलतो, आणि ते बरोबर नाही. उष्णतेने ईव्हीए मऊ होतं आणि चेंडूही जास्त उसळतो. माद्रिदच्या हिवाळ्यात दगडासारखी लागणारी रॅकेट मुंबईच्या मे महिन्यात मध्यम वाटू शकते. म्हणून अगदी मऊ गाभा आपल्याकडे दुपारी फारच लिबलिबीत होतो, मध्यम गाभा बरा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रॅकेट ठेवू नये, आतल्या गाभ्याचं आयुष्य त्याने घटतं. दमट हवेत हात घामेजतो, तेव्हा मुठीवरची ओव्हरग्रिप वेळच्या वेळी बदलावी. निसटती मूठ घट्ट धरून ठेवण्याच्या धडपडीतही कोपर दुखावतो. कडेवर संरक्षक पट्टी लावली की वजन टोकाकडे वाढतं, तर मुठीवरच्या जादा ओव्हरग्रिपने तोल खाली येतो. हे लक्षात घेतलं तर रॅकेट न बदलताही तिचा स्वभाव थोडा बदलता येतो.

निवडीचा माझा क्रम असा. पहिल्या वर्षी गोल आकार, मऊ ते मध्यम गाभा, काचतंतूचं कातडं, वजन ३६० ग्रॅमच्या आत. जाळीवर उभं राहून व्हॉली ठरलेल्या जागी पडू लागली की थेंब. स्मॅश मारल्यावर चेंडू बहुतेक वेळा हवा तिथे जातो आणि दुसऱ्या दिवशी हात तक्रार करत नाही, असं झालं तरच हिरा. कित्येकांना हिऱ्याची गरज कधीच पडणार नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

यासाठी एक गोष्ट क्लबांनी आणि विक्रेत्यांनी करायला हवी. प्रत्येक क्लबात गोल, थेंब आणि हिरा अशा तीन रॅकेट चाचणीसाठी ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर वजनाबरोबर तोलाचा आकडा व गाभ्याची घनता लिहावी. नव्या ब्रँडना भारतात पाय रोवायचे असतील तर जाहिरातीवर खर्च करण्याआधी त्यांनी या तीन ओळी छापाव्यात. खेळाडूनेही विकत घेण्याआधी त्या तिन्ही रॅकेटनी पूर्ण सामने खेळावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर काय सांगतो ते ऐकावं. ज्या रॅकेटने खेळून उद्या पुन्हा कोर्टवर यावंसं वाटेल, ती घ्यावी. सही मग कोणाचीही असो.