सुगम संगीत: गुणगुणण्याचं मोल

आजचा प्रश्न वरवर साधा दिसतो. जे संगीत ऐकायला तयारी लागत नाही, जे कानाला सहज पटतं आणि ज्याची विद्वान लोक सहसा दखल घेत नाहीत, त्या मधल्या वाटेच्या संगीताला काही खरं मूल्य आहे का? की थकल्याभागल्या जिवाला तेवढीच करमणूक, एवढाच त्याचा उपयोग?

आकाशवाणीच्या वर्गवारीत या संगीताचं नाव 'सुगम संगीत'. सुगम म्हणजे जिथं सहज पोचता येतं ते. मराठीत त्याचं मुख्य रूप भावगीताचं. तेव्हा आपण भावगीत समोर ठेवूनच बोलू या.

आधी आक्षेप नीट ऐकले पाहिजेत. कांटनं 1790 च्या ग्रंथात 'सुखद' आणि 'सुंदर' यांत भेद केला. मेजवानीच्या वेळी वाजणारं संगीत त्यानं सुखदात टाकलं. पाहुण्यांचं मन प्रसन्न राहतं, पण रचनेकडे कुणाचंच लक्ष नसतं. दुसरा आक्षेप अडोर्नोचा, 1941 चा, आणि तो जास्त बोचरा आहे. तो म्हणतो, लोकप्रिय गाणं आधीच चावून दिलेला घास असतं. साचा ठरलेला, वेगळेपणा वरवरचा. हे गाणं श्रोत्याला थोडं रडू देतं आणि त्याच्या परिस्थितीशी त्याची तडजोड घडवून आणतं. म्हणजे अडोर्नोच्या मते हे संगीत निरुपयोगी तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे.

आता हे आक्षेप घेऊन आपण गिरगावातून लालबागपर्यंत चालत जाऊ. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. एका टोकाला ऑपेरा हाऊसच्या परिसरात बी. आर. देवधरांचं संगीत विद्यालय, 1925 साली सुरू झालेलं. कुमार गंधर्व तिथं शिकले. तिथलं संगीत वर्षानुवर्षांची साधना मागणारं. दुसऱ्या टोकाला गिरणगाव. तिथं अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक, 1944 चं. ते संगीत माणसाला उठून उभं राहायला सांगणारं. या दोहोंच्या मधल्या चाळींमध्ये रेडिओ वाजायचा, आणि त्यावर भावगीत.

हे भावगीत आलं कुठून? 1930 च्या दशकात जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांडे यांची कविता ध्वनिमुद्रिकेवर गायली. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, त्यामुळे गाण्याचा आकारही तेवढाच ठरला. गजानन वाटव्यांनी भावगीत गणेशोत्सवाच्या मांडवात नेलं. ध्वनिक्षेपकामुळे हळू आवाजातलं गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागलं. पुढे 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ती पोकळी भरायला आकाशवाणीनं स्वतःची सुगम गीतं करवून घेतली. 1957 मध्ये विविध भारती आली, चित्रपटगीतं परतली, पण तोवर भावगीतानं आपलं घर केलं होतं.

आता 'सोपं' या शब्दाकडे पाहू. ऐकायला सोपं आणि करायला सोपं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीनिवास खळे यांच्या चाली कानाला अलगद वाटतात. गायला बसा म्हणजे कळतं, किती बारीक वळणं आहेत ती. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' असा विचारच मांडला: सूर शब्दाच्या अर्थावर पाय देऊन जाता कामा नये. श्रोत्याचे कष्ट इथं कवीनं, संगीतकारानं आणि गायकानं आधीच उचललेले असतात. आईनं भाकरी कुस्करून दिली म्हणून भाकरी हलकी ठरत नाही. अडोर्नोच्या चावलेल्या घासाला आमचं एवढंच उत्तर आहे.

दुसरा मुद्दा भावाचा. भरतानं नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव सांगितले आणि तेहतीस संचारी. संचारी म्हणजे येणारे-जाणारे: स्मृती, चिंता, औत्सुक्य, व्रीडा म्हणजे लाज. शास्त्रात त्यांचं काम स्थायी भावाला पुष्टी देण्याचं. पण आपला दिवस पाहा. शोक किंवा उत्साह काही रोज उठून येत नाहीत. दिवस जातो तो या तेहतिसांच्या सोबतीत. कुणाची तरी आठवण, पत्राची वाट, उगाचची हुरहुर. भावगीतानं या लहान भावांना स्वतःचं घर दिलं. ते रसाच्या शिखरावर नेत नसेल, पण ज्याला एरवी नावही मिळालं नसतं त्याला आकार देतं. हे मूल्य नव्हे काय?

तिसरा मुद्दा गुणगुणण्याचा. कांटचा रसिक निवांत बसून, एकाग्र होऊन ऐकतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं राहत असतील, तर निवांतपणा आणायचा कुठून? शेजारच्यांचा रेडिओ गॅलरीतून आपल्या घरात येणारच. तिथं लागतं ते माणसांच्या मध्ये राहू शकणारं संगीत, तांदूळ निवडताना, गणवेशाला इस्त्री करताना सोबत करणारं. ऐकणारी बाई दुसऱ्या दिवशी तेच गुणगुणते. ती आता नुसती श्रोता उरत नाही आणि गायिकाही होत नाही, या दोहोंच्या मधली असते. ते गाणं तिच्या आवाजात, तिच्या दिवसात शिरलेलं असतं. ख्याल किंवा पोवाडा हे इतक्या सहज घडू देत नाही. सुगम संगीताचं खास मूल्य आम्हाला इथं दिसतं.

पण म्हणून सगळंच गोड म्हणून चालणार नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. चूल पेटेनाशी झालेल्या घरात चांदण्याचं गाणं काय करणार? भावगीताचं 'मी' आणि 'तू' बहुतेक पांढरपेशा घरातले होते, हेही मान्य करावं लागतं. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड याला चांगला जाब विचारते. तिथंही विरह आहे, हुरहुर आहे. पण तो मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाचा विरह आहे आणि तो संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत जाऊन पोचतो. म्हणजे हळवेपणा आणि जागेपण एकत्र राहू शकतात. जे सुगम संगीत भोवतालचं दुःख झाकण्यासाठीच वापरलं जातं, तिथं अडोर्नो बरोबर ठरतो. तीच वीस गाणी, तीच निवेदनं, 'आठवणीतली' म्हणून पुनःपुन्हा विकली जातात, तिथंही तो बरोबर ठरतो.

मग कसोटी कोणती? आम्ही दोन प्रश्न सुचवतो. वाद्यमेळ काढून घेतला, नुसतं गुणगुणलं, तर गाणं उभं राहतं का? आणि गुणगुणताना आपल्या मनातलं, आधी न कळलेलं काही आपल्याला कळतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर त्या गाण्याला दुय्यम म्हणायचं कारण नाही. डोंगरमाथ्यावरचं देऊळ मोठं खरंच. पण गावाला पाणवठाही लागतो, आणि त्याची वाट सुगमच असावी लागते.

आज इथं थांबू. प्रश्न जरूर पाठवा, आणि सोबत तुम्ही गुणगुणता त्या एका गाण्याचं नावही कळवा.