पडद्यावरचें संगीत : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

घरांतील वडील माणसें आणि तरुण मंडळी यांचें ज्या थोड्या विषयांवरून हल्लीं हटकून वाजतें, त्यांत संगीत चित्रपट हा एक होय. १२ नोव्हेंबर २०१५ रोजीं ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट आला, १ एप्रिल २०२२ रोजीं ‘मी वसंतराव’ आला आणि १० जानेवारी २०२५ रोजीं ‘संगीत मानापमान’ आला. या तिहींविषयीं आमच्या वाशीम जिल्ह्यांतील बैठकींतून जीं मतें कानीं पडतात, त्यांत मतैक्य औषधालाही सांपडत नाहीं. एक म्हणतो, नाट्यसंगीताचा उद्धार झाला. दुसरा म्हणतो, संहार झाला. अशा वेळीं पूर्वपक्ष मांडावा, उत्तरपक्ष ऐकावा आणि मग सिद्धान्त सांगावा, ही आपल्या शास्त्रकारांची रीत आहे. तीच येथें पाळण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वपक्षाचे आक्षेप मुख्यतः चार आहेत. पहिला विस्ताराचा. रंगभूमीवरचा गायक पद हातीं घेई, तें हळूहळू खुलवी, श्रोत्यांना राग ओळखूं देई आणि मगच समेवर येऊन टाळी घेई. पडद्यावर तेंच पद चार-पांच मिनिटांत आटोपतें. दुसरा आक्षेप वाद्यांचा. ऑर्गन आणि तबला यांच्या साथीवर जें गाणें उभें राहत होतें, त्यावर आतां वाद्यांचा इतका भार पडतो कीं गायकाचा गळा त्याखालीं दबून जावा. तिसरा आक्षेप कंठाचा. रंगभूमीवर जो नट तोच गायक. ‘कट्यार’ चित्रपटांत मात्र खांसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा व गळा राहुल देशपांडे यांचा, सदाशिवाचा चेहरा सुबोध भावे यांचा व गळा महेश काळे यांचा. चौथा आक्षेप कथेचा. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चें संविधानक पडद्यासाठीं बरेंच बदललें गेलें, मग जुनें नांव तरी कां ठेवावें, असा हा प्रश्न आहे.

हे आक्षेप पोकळ नाहींत. परंतु उत्तरपक्षही दुबळा नाहीं. आमच्या परिचयाच्या, कारंजा येथील एका घरीं आजोबा व नात यांचा झालेला संवाद या दृष्टीनें सांगण्याजोगा आहे. नातीनें ‘कट्यार’मधलें एक पद गुणगुणतांच आजोबा म्हणाले, “हें पद वसंतरावांच्या तोंडचें ऐकावें, बाळ.” नातीनें विचारलें, “आजोबा, तुम्हीं तें नाटक पाहिलें होतें का?” “नाहीं. आम्हीं रेडिओवर ऐकलें.” “म्हणजे तुम्हांला रेडिओनें दिलें आणि मला पडद्यानें दिलें. मग माझेंच कां चुकलें?” आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “रेडिओनें चाल बदलली नव्हती गं.”

दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. संगीत नाटकाचा मोठा प्रयोग वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या बाजूस क्वचितच होतो. आमच्या मुलाबाळांस नाट्यपदाची पहिली ओळख व्हावयाची ती पडद्यावरून, आणि हल्लीं तर हातांतल्या मोबाईलच्या वीतभर पडद्यावरून. तोही मार्ग बंद केला तर शुद्धतेचें रक्षण होईल खरें. परंतु ज्याचें रक्षण करावयाचें, तेंच घरांतून नाहींसें होईल. या वादांत पणाला लागलेली वस्तु ही आहे, आणि म्हणून तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न समजून सोडून देतां येत नाहीं.

वडील मंडळींनीं थोडें मागें वळून पाहावें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तें पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून सुचलेल्या कल्पनेवरून. कीर्तनांतील साकी-दिंडी, लावणी, कर्नाटकी चाली, जें जें उपयोगी दिसलें तें तें त्यांनीं घेतलें. १२ मार्च १९११ रोजीं ‘मानापमान’ झालें, तेव्हां गोविंदराव टेंबे यांनीं उत्तरेकडील ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली आणल्या. त्याच टेंब्यांनीं १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटास संगीत दिलें आणि त्यांत हरिश्चंद्राची भूमिकाही केली. रंगभूमी आणि पडदा यांचा असा जुना सोयरसंबंध आहे. तेव्हां नवी चाल आली म्हणून परंपरा बुडाली असें म्हणावयाचें, तर ती १९११ सालींच बुडाली म्हणावें लागेल!

शिवाय जुन्या रंगभूमीचेही दोष होते. ‘वन्स मोअर’च्या आरोळीसरशीं विरहिणी नायिका तेंच पद पुनःपुन्हा गाई, आणि कथा बिचारी विंगेंत ताटकळत उभी राही. उलट पडद्यावरही संयमाचीं उदाहरणें आहेत. ‘प्रभात’च्या १९३७ सालच्या ‘कुंकू’ चित्रपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ टाळून नित्याच्या आवाजांवरच काम भागविलें होतें. त्याच संस्थेच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्यें विष्णुपंत पागनीस स्वतः गायले, त्यांचा अभंग संतांच्या बोलण्यांतूनच उमलावा तसा येतो. व्हेनिस येथील १९३७ सालच्या महोत्सवांत त्या चित्रपटाचा गौरव झाला. याच्या उलट १९३५ सालीं ‘धर्मात्मा’ चित्रपटांत साक्षात् बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेंत उतरले, तरी रंगभूमीवरचें यश त्यांस पडद्यावर लाभलें नाहीं. यावरून गळा मोठा असला म्हणजे चित्रपट साधतोच असें नाहीं, आणि पडदा आला म्हणजे संगीत नासतेंच असेंही नाहीं.

मग परीक्षा कशानें करावी? ती कसोटी भरतमुनींनीं केव्हांच सांगून ठेविली आहे. नाट्यशास्त्रांत ‘ध्रुवा’ नांवाच्या नाट्यगीतांचे पांच प्रकार दिले आहेत. पात्राच्या प्रवेशाची प्रावेशिकी, निर्गमनाची नैष्क्रामिकी, चालू रस मोडून दुसरा आणणारी आक्षेपिकी, प्रेक्षकांचें चित्त प्रसन्न करणारी प्रासादिकी आणि प्रयोगांत पडलेलें छिद्र झांकणारी आंतरा. म्हणजे प्रत्येक गीताकडे कांहीं काम सोंपविलेलें आहे. काम नसलेलें गीत त्या यादींत नाहीं. तेव्हां गाणें जुनें कीं नवें, वाद्यें चार कीं चाळीस, हे प्रश्न दुय्यम होत. संवादाला जें करतां आलें नसतें तें या गाण्यानें केलें काय, हा मुख्य प्रश्न होय.

या कसोटीवर तिन्ही चित्रपट लावून पाहूं. ‘कट्यार’ हें मूळ नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचें. त्याचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजीं झाला आणि त्याला संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचें. दोन घराण्यांचा झगडा हाच तेथें कथाविषय असल्यामुळें गाणें हीच घटना आहे. एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येतें आणि भेद कानांना समजतो. तो दहा पानांच्या संवादानें समजला नसता. चित्रपटानें हें मर्म राखलें, म्हणूनच तो टिकला. शंकर-एहसान-लॉय यांचीं नवीं गाणीं त्यांत आलीं. पैकीं कव्वाली कानाला गोड आहे, परंतु ती वगळली तर कथेचा एकही टांका उसवत नाहीं, असें आमचें मत आहे. महेश काळे यांस त्या वर्षींचा पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

‘मी वसंतराव’विषयीं आम्हांस विशेष ममत्व आहे. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजीं मूर्तिजापूरचा. तें गांव कारंजाच्या शेजारचें, आणि १ जुलै १९९८ पर्यंत वाशीमही त्याच अकोला जिल्ह्यांत होतें. निपुण धर्माधिकारी यांच्या या चित्रपटांत नातवानेंच आजोबांची भूमिका केली, संगीत दिलें आणि तो स्वतःच गायला. त्यामुळें कंठाचा आक्षेप येथें उरतच नाहीं. राहुल देशपांडे यांसही २०२० सालच्या चित्रपटांसाठीं तोच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट लांब आहे खरा. परंतु लष्करी हिशेबखात्यांतली नोकरी संभाळीत गाणाऱ्या माणसाला ‘कट्यार’चे खांसाहेब व्हावयास सत्तेचाळीस वर्षें लागलीं, ही प्रतीक्षा त्या लांबीनेंच अंगीं भिनते. नटानें स्वतः गावें ही ओढ इतरत्रही दिसते. २०१२ सालच्या ‘ले मिझेराब्ल’ या इंग्रजी चित्रपटांत नटांनीं चित्रीकरण चालू असतांनाच प्रत्यक्ष गाणीं म्हटलीं.

‘संगीत मानापमाना’बद्दल मात्र आम्ही वडील मंडळींच्या बाजूस थोडे झुकतों. कथा बदलली हा आमचा आक्षेप नव्हे. कालिदासानें तरी महाभारतांतली शकुंतला जशीच्या तशी कोठें ठेविली? परंतु मूळ नाटकांत श्रीमंतीचा ताठा आणि गरीब वीराचा स्वाभिमान यांची जी नाजूक झटापट भामिनीच्या मनांत होते, ती पदांतूनच कळते. पडद्यावर भव्य देखावे आणि लागोपाठ येणारीं गाणीं यांत ती हरवते. गाणीं वाईट नाहींत. त्यांस काम कमी आहे.

आमच्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त सांगितलें आहे कीं सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष देशोदेशीं हिंडला, साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग गेली, आणि त्यांचा विवाह झाला तो विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत. ज्या गांवीं असा विवाह लागल्याची कथा आहे, तेथील लोकांनीं गोष्ट आणि गाणें यांचा घटस्फोट उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये. तसाच तो संसार थोडा नव्या घरांत मांडला म्हणून रुसूनही बसूं नये.

तात्पर्य, वडील मंडळींनीं मुलांसमवेत हे चित्रपट पाहावेत, नाकें मुरडीत नव्हे, तर कान देऊन. चित्रपट संपला म्हणजे त्याच पदाची मूळ गायकाची ध्वनिमुद्रिका त्याच मोबाईलवर लावून ऐकवावी, आणि मुलांनींही ती मध्येंच बंद न करतां शेवटपर्यंत ऐकावी. मग एकच प्रश्न विचारावा : हें गाणें काढून टाकलें तर गोष्टीचें काय बिघडेल? ज्या मुलास याचें उत्तर देतां येऊं लागलें, त्यास कोणता चित्रपट पाहावा आणि कोणता सोडावा, हें सांगण्याची गरज राहत नाहीं. कारंजाच्या त्या नातीनें आजोबांकडून वसंतरावांची ध्वनिमुद्रिका मागून घेतली आहे, आणि आजोबांनींही ‘मी वसंतराव’ पाहण्याचें कबूल केलें आहे, असें कळतें.