मोकळ्या महिन्यांतली लीग

महिला हॉकी इंडिया लीगचा पहिला सामना १२ जानेवारी २०२५ रोजी रांचीत झाला. ओडिशा वॉरियर्सने दिल्ली एसजी पायपर्सचा ४-० असा पराभव केला. पुरुषांची हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली, पाच हंगाम चालली आणि २०१७ नंतर बंद पडली. त्या पाच हंगामांत महिलांसाठी काहीच नव्हते. सात वर्षांनी लीग पुन्हा उभी करताना मात्र महिलांची स्वतंत्र स्पर्धा तिच्यासोबत आली. हॉकीत देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण १९२८ मध्ये मिळाले होते. महिलांना व्यावसायिक लीग मिळेपर्यंत मध्ये जवळजवळ शतक गेले.

जानेवारीची निवड सहज झालेली नाही. युरोपात हॉकीचा हंगाम थंडीमुळे मध्येच थांबतो. नेदरलँड्समधील क्लब हिवाळ्यात मैदानी सामने घेत नाहीत. जर्मनीत याच दिवसांत खेळ बंदिस्त सभागृहात जातो. आंतरराष्ट्रीय वेळापत्रकातही डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत हॉकी इंडिया लीगसाठी जागा मोकळी ठेवण्यात आली. एरवी क्लब आणि देश यांच्यात वाटल्या गेलेल्या परदेशी खेळाडू त्यामुळे भारतात येऊ शकल्या. नव्या लीगला प्रस्थापित हंगामाशी टक्कर परवडत नाही. चांगले खेळाडू आणि प्रेक्षक दोन्ही जिथे रिकामे असतात, तिथेच तिला पाय रोवावे लागतात.

अमेरिकेतील महिला बास्केटबॉलमध्ये हेच गणित जास्त ठळकपणे दिसते. तिथली मुख्य लीग, डब्ल्यूएनबीए, १९९७ पासून खेळली जाते आणि तिचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर असतो. उरलेल्या महिन्यांत अनेक अव्वल खेळाडू रशिया, तुर्कस्तान किंवा चीनमध्ये खेळायला जात, कारण तिथे मायदेशापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळत. डायना टॉरासीला तिच्या रशियन क्लबने २०१५ चा अमेरिकी हंगाम विश्रांतीत घालवण्यासाठी पैसे दिले. ब्रिआना स्टुअर्ट २०१९ मध्ये युरोपातील अंतिम सामन्यात जखमी झाली आणि तिचा अमेरिकेतला पूर्ण हंगाम बुडाला. २०२२ मध्ये ब्रिटनी ग्रायनर रशियात अटकेत पडली आणि डिसेंबरपर्यंत सुटली नाही. मोकळ्या महिन्यांतली कमाई किती जोखमीची आहे, ते या घटनांनंतर कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

ब्रिआना स्टुअर्ट आणि नफीसा कॉलिअर या दोन खेळाडूंनी २०२३ मध्ये ‘अनरायव्हल्ड’ नावाची लीग जाहीर केली आणि १७ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे रांचीतली स्पर्धा चालू असतानाच, ती मायामीजवळ सुरू झाली. सहा संघ, छत्तीस खेळाडू, सर्व सामने एकाच ठिकाणी. पाचऐवजी तिघींचा संघ, पण अर्ध्या नव्हे तर पूर्ण लांबीच्या, थोड्या छोट्या मैदानावर. पहिले तीन डाव प्रत्येकी सात मिनिटांचे. चौथ्या डावाला घड्याळच नाही. तेव्हा पुढे असलेल्या संघाच्या गुणांत अकरा मिळवून लक्ष्य ठरते आणि ते आधी गाठणारा संघ जिंकतो. खेळाडूंचे सरासरी मानधन दोन लाख डॉलरच्या वर होते, जे मुख्य लीगमधील त्या वर्षीच्या कमाल पगाराच्या आसपास जाते. शिवाय पहिल्या हंगामातील खेळाडूंना लीगच्या मालकीत हिस्सा मिळाला. मार्चमधील अंतिम सामना ‘रोझ’ या संघाने जिंकला.

रांचीतील लीगची बांधणी वेगळी आहे. ती खेळाडूंनी नव्हे तर हॉकी इंडिया या राष्ट्रीय संघटनेने उभी केली आणि संघ खासगी मालकांना दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिलांचे सहा संघ जाहीर झाले होते, प्रत्यक्षात चारच मैदानात उतरले: ओडिशा वॉरियर्स, सूरमा हॉकी क्लब, श्राची राढ बंगाल टायगर्स आणि दिल्ली एसजी पायपर्स. दिल्लीत झालेल्या लिलावात महिला संघाला खर्चासाठी दोन कोटी रुपये होते, पुरुष संघाला चार कोटी. एका संघात २४ खेळाडू, त्यात आठ परदेशी आणि किमान चार भारतीय कनिष्ठ गटातल्या. पायाभूत किंमत दहा, पाच किंवा दोन लाख. सर्वांत मोठी बोली बचावपटू उदिताला लागली, ३२ लाखांची. परदेशी खेळाडूंत नेदरलँड्सची पेनल्टी कॉर्नरतज्ज्ञ यिबी यान्सन २९ लाखांना ओडिशाकडे गेली. दोन कोटी चोवीस जणींत सारखे वाटले, तर वाट्याला साडेआठ लाखांहूनही थोडे कमीच येतात.

क्रिकेटशी तुलना केली की अंतर लक्षात येते. महिला प्रीमियर लीगच्या २०२३ मधील पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले. हॉकीचा एक अख्खा संघ त्याहून स्वस्तात उभा राहिला. क्रिकेटचे पाच संघ ४,६६९.९९ कोटींना विकले गेले आणि पाच वर्षांच्या प्रसारण हक्कांचे ९५१ कोटी आले. टीव्हीवरचा प्रेक्षक तिथे स्पर्धेआधीच विकला गेला होता. रांचीत तर मैदानात प्रवेशही मोफत होता. हा निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल, कारण रिकाम्या खुर्च्यांसमोरची लीग दुसऱ्या वर्षी कोणी दाखवत नाही. पण त्यामुळे तिकिटांचे उत्पन्न शून्य राहिले आणि सगळा भार प्रायोजक व मालकांवर आला.

मग भारतात हॉकी खेळणाऱ्या मुलीचे घर चालते कशावर? नोकरीवर. हे समजायला झाशीसारखे दुसरे गाव नाही. छावणी आणि रेल्वे यांच्याभोवती वाढलेल्या या शहराने देशाला मेजर ध्यानचंद दिले. जन्म अलाहाबादचा असला तरी ध्यानचंद झाशीचेच मानले जातात. भाऊ रूपसिंग, मुलगा अशोककुमार, सगळ्यांची हॉकी इथलीच. १९३३ मध्ये ‘झाशी हीरोज’ हा स्थानिक क्लब कलकत्त्याला जाऊन कलकत्ता कस्टम्ससारख्या मातब्बर संघाला अंतिम सामन्यात हरवून बेटन कप घेऊन आला आणि ध्यानचंदांनी तो सामना आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम मानला. क्लबच्या नावाचे हीरोज मैदान आजही झाशीत आहे. १९७९ मध्ये ध्यानचंदांवर अंत्यसंस्कार तिथेच झाले. पण ध्यानचंदांना पगार हॉकीने दिला नाही. तो फौजेने दिला. शिपाई म्हणून भरती झालेला हा खेळाडू खेळाच्या जोरावर वर चढत मेजर म्हणून निवृत्त झाला.

नोकरी देऊन खेळाडू पोसायची ही रीत पुढे रेल्वे, पोलीस, बँका आणि तेल कंपन्यांनी चालू ठेवली. महिलांच्या बाबतीत रेल्वेचा वाटा सर्वांत मोठा. भारतीय संघाची कर्णधार झालेली सलीमा टेटे, नवनीत कौर आणि वंदना कटारिया यांना रेल्वेनेच नोकऱ्या दिल्या. या व्यवस्थेला कोणी लीग म्हणत नाही, पण बाराही महिने चालणारा महिला खेळाडूंचा सर्वांत भरवशाचा करार अजूनही हाच आहे. दुखापत झाली तरी पगार थांबत नाही, तिशीनंतरही कार्यालयातली खुर्ची राहते. दोन आठवड्यांची लीग ही हमी देऊ शकत नाही. अमेरिकी खेळाडू मोकळ्या महिन्यांत परदेश गाठत होत्या. भारतीय हॉकीपटू ते महिने शिबिरात किंवा विभागीय स्पर्धांत घालवतात. त्यामुळे इथे लीगने पोटापाण्याचा प्रश्न सोडवलेला नाही. तिने दिल्या त्या वरकमाई आणि ओळख या दोन गोष्टी.

ओळखीचे मोल झाशीतच पाहता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये महिलांची अकरावी वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाशीच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झाली. राज्याराज्यांचे संघ आले, दहा दिवस सामने झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय महिला संघ टोकियोत चौथा आला होता, म्हणजे कुतूहलाला तोटा नव्हता. तरीही राष्ट्रीय स्पर्धेत चमकलेल्या मुलीचे नाव गावाबाहेर सहसा पोचत नाही. तिथे ती आपल्या राज्यासाठी खेळते आणि निवड समितीच्या नजरेत भरली तर शिबिरात जाते. लीगमध्ये तीच मुलगी टीव्हीवर येते, तिच्यावर बोली लागते, आणि ऑलिंपिक विजेतीच्या शेजारच्या पलंगावर दोन आठवडे राहते.

शेवटची गोष्ट खेळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. चार कनिष्ठ खेळाडू घेण्याची सक्ती म्हणूनच केली गेली. यान्सनचा ड्रॅगफ्लिक सरावात रोज अडवायला मिळणे ही कुठल्याही शिबिरात न मिळणारी शिकवणी आहे. भारतीय महिला हॉकीला तिची गरजही होती. जानेवारी २०२४ मध्ये याच रांचीत, याच मैदानावर, भारत जपानकडून ०-१ असा हरला आणि पॅरिस ऑलिंपिकची संधी हुकली. वर्षभराने त्याच शहरात लीग भरवण्यामागे झारखंडमधला हॉकीचा नाद हेही कारण होते. या मैदानाला ज्यांचे नाव आहे ते जयपालसिंग मुंडा १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते. त्या संघातून झाशीचे ध्यानचंद चौदा गोल करून परतले.

पहिल्या हंगामात चार संघ एकमेकांशी दोनदा खेळले. बारा साखळी सामने झाले आणि २६ जानेवारीला अंतिम लढत. एका बाजूला नेहा गोयलची ओडिशा वॉरियर्स, दुसऱ्या बाजूला सलीमा टेटेची सूरमा. विसाव्या मिनिटाला सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळने ओडिशाचा पहिला गोल केला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पेनी स्क्विबने सूरमाला बरोबरी साधून दिली. सामना शूटआउटकडे झुकत असताना छप्पन्नाव्या मिनिटाला पुन्हा ऋतुजाच. ओडिशा २-१ ने जिंकली. विजेत्यांना दीड कोटी, उपविजेत्यांना एक कोटी रुपये मिळाले. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू सूरमाची ज्योती ठरली.

लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता, ना पुरुषांत ना महिलांत. असे असताना पहिल्या विजेतेपदाचे दोन्ही गोल सातारकर मुलीच्या काठीतून यावेत, हा योगायोग वाटला तरी त्यामागे बऱ्याच वर्षांची मशागत आहे. भारतीय संघातून खेळलेल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे दोघीही फलटण तालुक्यातल्या. एकीचे गाव आसू, दुसरीचे वाखरी. दोघी पुण्यात राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकरी घरांतल्या या मुलींना वसतिगृह, कृत्रिम हिरवळ आणि प्रशिक्षक सरकारी खर्चाने मिळाले. लीगच्या मालकाने लिलावात जी बोली लावली, ती या तयार मालावर. मुळातली गुंतवणूक सरकारची आणि घरच्यांची होती.

बास्केटबॉलमध्ये भारतात लीगची पायरीही अजून आलेली नाही. पुण्याची शिरीन लिमये, वाराणसीच्या सिंग भगिनींपैकी पद्मश्री मिळालेली प्रशांती, केरळची गीतू अॅना जोस अशी नावे आहेत. गीतूने ऑस्ट्रेलियात व्यावसायिक बास्केटबॉल खेळून २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएची चाचणीही दिली होती. पण देशात महिलांची बास्केटबॉल लीग रुजलेली नाही, आणि राष्ट्रीय स्पर्धांवर वर्षानुवर्षे रेल्वेचेच वर्चस्व राहिले आहे. हॉकीप्रमाणे इथेही खेळाडूचा मालक म्हणजे तिचा विभाग.

दुसरा हंगाम २८ डिसेंबर २०२५ ला पुन्हा रांचीतच सुरू झाला, तोवर चित्र बदलले होते. विजेता ओडिशा वॉरियर्स संघच यादीत नव्हता. त्याच्या जागी रांची रॉयल्स आला. पुरुषांत उत्तर प्रदेशचा यूपी रुद्राज आर्थिक कारण सांगून बाहेर पडला. त्यामुळे ज्या राज्यात झाशी आहे, त्याचे नाव लीगमध्ये उरले नाही. मालक बदलले की खेळाडू विखुरतात आणि प्रेक्षकाला जपलेली निष्ठा ठेवायला जागा राहत नाही. संघ टिकवणे लीग सुरू करण्यापेक्षा अवघड असते. अमेरिकेत याच हिवाळ्यात अनरायव्हल्ड सहावरून आठ संघांवर गेली. हॉकीत महिलांचे संघ चारच राहिले, आणि १० जानेवारी २०२६ रोजी एसजी पायपर्सने बंगाल टायगर्सला शूटआउटमध्ये हरवून दुसऱ्या हंगामाचे विजेतेपद घेतले.