एक पान स्वतःविषयी : विद्यार्थ्यांचे आत्मचिंतन आणि त्याचे मोल

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात पाऊल ठेवलेल्या विद्यार्थ्याला एक साधे दिसणारे काम कधी ना कधी करावेच लागते : ‘स्वतःविषयी एक पान लिहा.’ कधी ते भाषेच्या तासाला सांगितले जाते, कधी शिष्यवृत्तीच्या अर्जात, तर कधी परदेशी विद्यापीठाकडे पाठवावयाच्या निवेदनात. इतिहासावर किंवा विज्ञानावर पानेच्या पाने लिहिणारी मुले या एका पानापाशी अडतात. मग ठरावीक वाक्ये कागदावर उतरतात : ‘माझा जन्म गरीब कुटुंबात झाला. आईवडिलांनी काबाडकष्ट करून मला शिकविले. मला समाजाची सेवा करावयाची आहे.’ यातील एकही वाक्य खोटे नसते. परंतु त्या पानावर दुसऱ्या कोणाचे नाव घातले तरी मजकूर बदलावा लागत नाही. लिहिणारा त्यात कोठेच नसतो.

निवासी शाळेतून पुढे गेलेल्या आणि घराण्यात प्रथमच विद्यापीठाचे तोंड पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. गाव, वसतिगृह आणि विद्यापीठ अशा तीन जगांतून त्यांचा प्रवास झालेला असतो. या प्रवासात जे पाहिले, सोसले आणि कमावले, ते शब्दांत मांडता आले नाही तर ते मनात एकतर सल म्हणून राहते किंवा लाज म्हणून. म्हणून स्वतःविषयी प्रामाणिकपणे लिहिता येणे ही केवळ भाषेची कसोटी मानू नये. काय घडले, त्या वेळी काय वाटले आणि त्याचा अर्थ काय, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची ती विद्या आहे. ती अवगत झाली की अनुभव लपविण्याची वस्तू राहत नाही. तो ज्ञान होतो. भावना, ओळख आणि संस्कृती या तीन अंगांनी या विद्येचा येथे विचार करावयाचा आहे.

भावना : नाव देण्याची शक्ती

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या प्रयोगात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले होते. काहींना किरकोळ विषय दिले. उरलेल्यांना आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहावयाचे होते. त्यांतही काहींनी केवळ घटना लिहावयाची, काहींनी केवळ भावना, तर काहींनी घटना व भावना दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची मने लिहून झाल्याबरोबर अधिक खिन्न झालेली आढळली. परंतु पुढील काही महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाण्याची गरज त्यांना तुलनेने कमी पडली. नंतर झालेल्या अनेक अभ्यासांत हा परिणाम माफक दिसला आणि तो सर्वांना सारखा लागू पडतो असेही आढळले नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नुसत्या घटनेची जंत्री किंवा नुसता भावनांचा उद्रेक पुरेसा नसतो. घटना आणि भावना यांची गाठ घालणारे लेखन मनाला आधार देते.

ही गाठ घालण्यात पहिली अडचण शब्दांची येते. आजच्या विद्यार्थ्याच्या तोंडी मनाच्या अवस्थेसाठी बहुधा एकच शब्द असतो : ‘टेन्शन’. परीक्षेची भीती, वर्गातील अपमान, घराची ओढ, पैशाची विवंचना, एकटेपणा, राग या साऱ्यांना तोच शब्द. परंतु भीतीवरचा उपाय निराळा आणि अपमानावरचा निराळा. नाव चुकले तर उपायही चुकतो. ‘टेन्शन आले’ असे लिहिणाऱ्या मुलीला ‘नेमके काय वाटले?’ असे कोणी विचारले, तर ती कदाचित लिहील, ‘माझ्या उच्चारावर मुले हसली तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा नंतर राग आला.’ या एका वाक्यात ती स्वतःच्या किती जवळ पोचलेली असते!

आपल्या परंपरेला ही दृष्टी परकी नाही. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुःख असा अर्थ रूढ झाला असला, तरी पालीत ‘वेदना’ या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. सुखद, दुःखद आणि या दोहोंपैकी काहीच नसलेली, अशा तिन्ही प्रकारच्या संवेदना त्यात येतात. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार गोष्टींच्या जागरूक निरीक्षणाचा उपदेश आहे. तेथे भावना दडपावयाची नसते आणि तिच्यामागे वाहतही जावयाचे नसते. ती आली, आहे, गेली, हे जाणावयाचे असते. प्रामाणिक आत्मलेखन हे या जाणण्याचेच कागदावर उतरलेले रूप होय.

ओळख : दुसऱ्यांच्या डोळ्यांतून आणि स्वतःच्या

नव्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यात नाव विचारले जाते, मग आडनाव, मग गाव. तिसऱ्या प्रश्नापर्यंत विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलते, हे पुष्कळ माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात या अवस्थेला दुहेरी जाणीव असे म्हटले आहे. मनुष्य स्वतःला आपल्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याच वेळी तुच्छतेने पाहणाऱ्या दुसऱ्याच्या डोळ्यांनीही पाहतो.

या अवस्थेचे अत्यंत संयत चित्रण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात सापडते. बाबासाहेबांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने प्रकाशित केले. पुढे कोलंबिया विद्यापीठातही ते अभ्यासले गेले. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियात गेले, तेथून लंडनला, आणि १९१७ मध्ये भारतात परतले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते नमूद करतात. बडोद्यास नोकरीसाठी आल्यावर मात्र राहण्यास जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. गाडीची वेळ होईपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसून काढलेल्या तासांविषयी ते लिहितात. मनाची शून्यता, दुःख आणि आईवडिलांची आठवण, सारे काही थोडक्यात. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळे पाणावतात, हे त्यांनी लपविलेले नाही. आणि एवढ्यावर न थांबता ते त्या प्रसंगातून एक सामाजिक निष्कर्षही काढतात : हिंदूंना जो अस्पृश्य, तो पारशांनाही अस्पृश्यच. घटना, भावना आणि अर्थ यांची सांगड कशी असते, याचा याहून उत्तम पाठ विद्यार्थ्याला क्वचितच मिळेल. कोलंबियाच्या पदवीधराला आपले अश्रू नोंदविताना कमीपणा वाटला नाही, हेही आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकात ओळखीचे आणखी एक अंग दिसते. दलित कुटुंबातील ही मुलगी संस्कृत विषय घेऊन एम. ए. झाली. कौतुक झाले; पण त्या कौतुकातही आश्चर्य होते, आणि आश्चर्यात अवहेलना. नोकरी मात्र मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि महाविद्यालयातील अध्यापनाची जागा मिळाली. हे श्रेय माहेरच्या सोमकुवर या नावाचे नसून पावडे या नावाचे, हा सल त्या स्पष्टपणे मांडतात. यशाच्या क्षणीही मनात काय खुपते ते ओळखणे, यालाच आत्मचिंतन म्हणतात.

तर मग ‘मी’ म्हणजे नेमके कोण? राजा मिलिंदाने भदंत नागसेनांना विचारलेल्या प्रश्नांत हाही प्रश्न आहे. नागसेनांनी रथाचा दृष्टान्त दिला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. हे सारे जुळून आल्यावर ‘रथ’ हे नाव व्यवहारात येते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील बोध मोठा दिलासा देणारा आहे. जात, आडनाव, बोली, गुण, गरिबी यांपैकी कोणताही एक भाग म्हणजे आपण नव्हे. दुसऱ्याने एक चाक दाखवून ‘हाच तू’ असे म्हटले, तरी ते मान्य करण्याचे बंधन आपल्यावर नाही.

संस्कृती : घरात जे आहे ते

‘तुमच्या संस्कृतीविषयी लिहा’ असे म्हटले की मुले पुस्तकातील सण आणि मंदिरे लिहितात. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, वस्तीत चौदा एप्रिलला होणारी गाणी, विहारातील वंदना, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे घर सांभाळणारी थोरली बहीण, हे सारे ‘संस्कृती’ या शब्दात बसते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

ते सांगण्याचे काम मराठवाड्यात एका महाविद्यालयाने केले. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादला तिचे महाविद्यालय सुरू झाले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. परिसराला नागसेनवन असे नाव मिळाले. म्हणजे संस्थेच्या नावातच प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघेही आहेत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहून दलितांच्या इतिहासाला रंगमंच दिला. डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे येथील तरुणांचे लक्ष वेधले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ उभे राहिले आणि नव्या लेखकांच्या कित्येक पिढ्यांना व्यासपीठ मिळाले. याच परिसरात शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. गावाकडचा जो अनुभव वर्गात सांगण्यासही संकोच वाटावा, तोच मराठी वाङ्मयाचे धन ठरला.

लिहावे कसे, वाचावे कसे

विद्यार्थ्यांनी मोठ्या विषयाने आरंभ करू नये. एक प्रसंग घ्यावा : खानावळीतील, बसमधील, तोंडी परीक्षेतील. आधी काय घडले ते साध्या वाक्यांत लिहावे. मग त्या वेळी काय वाटले त्याचे नेमके नाव शोधावे. अखेरीस, असे का वाटले असावे, हे स्वतःला विचारावे. भाषा घरची असली तरी चालेल. प्रमाण मराठीची इस्त्री नंतर करता येते.

शिक्षकांनी पथ्य पाळावयाचे ते असे : असे लेखन सक्तीचे नसावे, विद्यार्थ्याच्या संमतीवाचून ते वर्गात वाचून दाखवू नये, आणि वेदनेला गुण देऊ नयेत. जखम ताजी असेल तर लेखनाची घाई नको. मूल सतत निराश असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर वहीवर न विसंबता जाणत्या माणसाशी बोलावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

पालकांचे कामही लहान नाही. सुट्टीला घरी आलेल्या मुलाला आपण गुण विचारतो, फी विचारतो, नोकरीचे विचारतो. ‘तिथे तुला कसे वाटते?’ हा प्रश्न मात्र राहून जातो. तो विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या पदांबरोबरच आपले पहिले वर्ष, आपली भीती, आपले एकटेपण याविषयीही लिहावे. आज वसतिगृहाच्या खाटेवर बसून ‘हे फक्त माझ्याच वाट्याला आले’ असे समजणाऱ्या मुलाला आपल्या यशाच्या यादीपेक्षा त्या एका पानाचा आधार अधिक वाटेल.