जुन्या अंड्याचे रसायन

परसात पाळलेली गावरान कोंबडी वर्षभर सलग अंडी देत नाही. दहा-पंधरा अंड्यांची एक फेरी पुरी झाली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसू पाहते. तोवर टोपलीतील तुसावर जमवलेल्या अंड्यांपैकी जी आठवडा-दहा दिवसांहून जुनी झालेली असतात ती तिच्याखाली ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही, कारण साठवणीचा काळ लांबतो तसा त्यांतील भ्रूण अशक्त होत जातो. अशी मागे राहिलेली अंडी जुनी म्हणजे नासकी समजून टाकून देणे हा मात्र निव्वळ अपव्यय होय, कारण अंड्याचे वय वाढणे ही मुख्यतः रासायनिक प्रक्रिया आहे आणि अंडे नासणे ही जिवाणूंची करणी आहे.

अंड्याचे कवच प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचे असून त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. कोंबडीच्या सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमानाच्या शरीरातून बाहेर पडलेले अंडे निवू लागले की आतील द्रव्य आकसते, बोथट टोकाकडून हवा आत ओढली जाते आणि तेथे वायुकोष तयार होतो. पुढे छिद्रांवाटे पाण्याची वाफ निघून जाते तसतसा हा कोष मोठा होतो. ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते, ते यामुळेच. ही परीक्षा वय सांगते, नासकेपणा सांगत नाही. त्यासाठी अंडे वेगळ्या वाटीत फोडून पाहणे आणि वास घेणे याला पर्याय नाही.

छिद्रांतून पाण्याबरोबरच कार्बन डायऑक्साइड वायूही निसटतो आणि खरा बदल घडतो तो त्याने. ताज्या अंड्यातील पांढऱ्या बलकाचा सामू, म्हणजे आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक, ८ च्या जरा खाली असतो. वायू निघून गेल्यावर काही दिवसांतच तो ९ च्या वर जातो. ताज्या बलकाला दाटपणा देणाऱ्या ओव्हम्युसिन या प्रथिनाची जाळी मग सैल पडते, दाट बलक पातळ होतो, पिवळ्या बलकाभोवतीचे पटल दुबळे होते. या दाट बलकाची उंची मोजून अंड्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे.

म्हणून जुने अंडे हाफ-फ्रायसाठी घेऊ नये. तव्यावर बलक पसरतो आणि पिवळा गोळा फुटतो. रश्श्यासाठी उकडायला मात्र तेच उत्तम. कमी सामू असलेल्या ताज्या अंड्यात पांढरा बलक आतल्या पातळ पडद्याला घट्ट चिकटतो आणि सोलताना टरफलाबरोबर त्याचे लचके निघतात, सामू ८.९ च्या आसपास पोहोचला की ही पकड सुटते. याच वाढलेल्या अल्कतेची दुसरी बाजू अशी की फार वेळ उकळल्यास पांढऱ्या बलकातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू आणि पिवळ्या बलकातील लोह यांच्या संयोगाने होणारे हिरवट कडे जुन्या अंड्यात लवकर उमटते. ते निरुपद्रवी असते, पण ताटात वाईट दिसते. अंडी उकडताच गार पाण्यात टाकल्यास ते बरेचसे टळते. केकसाठी पातळ झालेला बलक चटकन फेसाळतो, मात्र तो फेस लवकर पाणी सोडतो, म्हणून त्यात लिंबाचे चार थेंब पिळावेत.

सावधगिरीची जागा वेगळी आहे. साल्मोनेला जिवाणूला वास नसतो, त्यामुळे जुन्या अंड्याची भुर्जी किंवा ऑम्लेट ओलसर न ठेवता आतपर्यंत शिजवावे. मिश्रणाचे तापमान ७१ अंशांपर्यंत गेले की धोका टळतो. कळपात कोंबडा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भ्रूणाची वाढ साधारण २० अंशांच्या खालीच थांबते, आणि विदर्भातील उन्हाळ्यात तितका गारवा फ्रिजबाहेर मिळणे कठीण. अशी अंडी टॉर्चच्या झोतासमोर धरून तांबड्या शिरा दिसतात का ते तपासावे. ती आधीपासून धुऊन ठेवणेही चुकीचे, कारण कवचावरील संरक्षक लेप त्याने निघून जातो.

एकदम खपणारच नसतील तर अंडी फोडून गोठवता येतात. पांढरा बलक जसाच्या तसा गोठतो आणि वितळल्यावर पूर्ववत होतो. पिवळा मात्र उणे ६ अंशांच्या खाली गेला की चिकट, घट्ट होऊन बसतो, म्हणून त्यात आधीच चिमूटभर मीठ किंवा साखर फेटून मिसळावी. टरफले वाळवून कोंबड्यांच्याच खाद्यात घालतात, कारण नव्या कवचाला कॅल्शियम लागतेच. परंतु ती ओळखू येणार नाहीत इतकी बारीक कुटावीत, नाहीतर कोंबड्यांना स्वतःचीच अंडी टोचून खाण्याची खोड लागू शकते.