दलाल, प्रशिक्षक की प्रतिनिधी? फुटबॉलपटूच्या दुसऱ्या कारकिर्दीविषयीचे गैरसमज

भिवंडीच्या कापडबाजारात दलाल हा यंत्रमागधारक आणि व्यापारी यांच्यात सौदा जुळवून ठरलेली दलाली घेणारा परिचित मध्यस्थ असतो, तर ‘एजंट’ या शब्दाला पारपत्र, परवाने आणि आखाती देशांतील नोकऱ्यांच्या व्यवहारांमुळे संशयाची छटा चिकटलेली आहे. एखादा निवृत्त फुटबॉलपटू एजंट झाला असे कळले की या दोन्ही प्रतिमा एकदम जाग्या होतात आणि त्यांतूनच बहुतेक गैरसमज निर्माण होतात. फुटबॉलच्या नियमांतील एजंट म्हणजे खेळाडू, प्रशिक्षक किंवा क्लब यांच्या वतीने करार आणि बदली यांची बोलणी करणारा, ‘फिफा’ या जागतिक संघटनेचा परवाना असलेला प्रतिनिधी. बदली म्हणजे खेळाडूची नोंदणी एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे जाणे.

नामवंत खेळाडू हा आपोआप चांगला एजंट ठरतो, हा पहिला समज. डेन्मार्कचा सोरेन लेर्बी, इटलीचा ऑस्कर दामियानी किंवा इंग्लंडचा बॅरी सिल्कमन यांनी खेळ थांबवल्यावर हा व्यवसाय केला हे खरे; परंतु नामवंत एजंटांपैकी पिनी झहावी हे मूळचे पत्रकार होते आणि जॉर्ज मेंडेस यांचे नाव खेळाडू म्हणून कोणाच्या स्मरणात नाही. परवान्यासाठी खेळाचा पूर्वानुभव लागत नाही, लागते ती परीक्षा. २०१५ मध्ये फिफाने जुनी परवाना पद्धत मोडीत काढून ‘मध्यस्थां’च्या केवळ नोंदणीवर समाधान मानले होते, ती चूक सुधारणारे नवे नियम जानेवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. एका तासात वीस बहुपर्यायी प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण, असे या परीक्षेचे स्वरूप ठरले. एप्रिल २०२३ मधील पहिल्या परीक्षेत बसलेल्यांपैकी सुमारे निम्मेच उत्तीर्ण झाले. प्रश्न बदल्यांचे नियम, अल्पवयीनांचे संरक्षण आणि मानधन यांविषयी असतात; पेनल्टी किती अचूक मारता येते याला तेथे गुण नाहीत.

मुंबई-ठाण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा गैरसमज वेगळाच आहे. निवृत्तीनंतर अकादमी काढावी, तेथील मुले घडवावीत आणि पुढे त्यांचे करारही आपणच करून द्यावेत, ही वाट अनेकांना स्वाभाविक वाटते. नियमांनुसार मात्र क्लब, लीग किंवा अकादमी यांत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला एजंटचा परवाना मिळू शकत नाही, तसेच क्लबाच्या नोकरीत असलेल्यालाही नाही. कारण विकणारा आणि विकल्या जाणाऱ्याचा प्रतिनिधी एकच असेल, तर खेळाडूची बाजू मांडायला कोणीच उरत नाही. या परिसरातील खेळाडूंना ही विभागणी नवखी वाटावी, याला इतिहास आहे. एअर इंडिया, रेल्वे, ओएनजीसी यांसारख्या संस्थांच्या संघांत खेळाडूला कराराऐवजी नोकरी मिळत असे आणि कायम नोकरी हेच त्याचे भवितव्य असे. अशा व्यवस्थेत प्रतिनिधीची गरजच नव्हती. २०१० मध्ये महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ बंद झाला, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, आणि अल्पमुदतीचे करार हाच व्यावसायिक खेळाडूच्या पोटापाण्याचा आधार बनला. तो आधार किती नाजूक आहे हे २०२५-२६ चा लीग हंगाम वेळेवर सुरू न झाल्याने सर्वांनी पाहिले, आणि खेळाडूच्या उत्पन्नावर टक्केवारी घेणाऱ्या एजंटचीही त्यातून सुटका नव्हती.

एजंट मनाला येईल तितका वाटा घेतो, असेही मानले जाते. २०२३ च्या नियमांनी खेळाडूच्या वार्षिक मोबदल्याच्या दोन लाख अमेरिकी डॉलरपर्यंतच्या भागावर ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर ३ टक्के अशी मर्यादा घातली. म्हणजे वर्षाला वीस लाख रुपयांचा करार असेल तर शुल्क जास्तीत जास्त एक लाख. येथे एक पुरवणी आवश्यक आहे: जर्मनीतील डॉर्टमुंडच्या न्यायालयाने मे २०२३ मध्ये मनाई हुकूम दिल्यावर फिफाने त्याच वर्षाच्या अखेरीस शुल्कमर्यादेसह काही कलमे जगभर स्थगित केली. त्यामुळे ‘कायद्याने इतकेच’ असे ठामपणे सांगणारा आणि ‘कसलीच मर्यादा ठरली नव्हती’ असे म्हणणारा, दोघेही अर्धवट माहितीवर बोलत असतात. खेळाडूशी प्रतिनिधित्वाचा करार मात्र लेखी असावा लागतो आणि त्याची मुदत दोन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही.

सर्वांत महाग पडणारा समज पालकांचा असतो: मुलाला परदेशी चाचणीस पाठवण्यासाठी रक्कम मागणारा तोच एजंट. अठरा वर्षांखालील खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली काही मोजके अपवाद सोडता निषिद्ध आहे. अल्पवयीनाशी व्यावसायिक करार शक्य होण्याच्या वयाला सहा महिने उरण्यापूर्वी एजंटने संपर्कच साधायचा नसतो, आणि त्यानंतरही पालकांची आगाऊ लेखी संमती लागते. व्यावसायिक करारावर सही होत नाही तोवर अल्पवयीनाच्या कामाचे शुल्क घेता येत नाही. मध्यस्थ पूर्वी कितीही मोठा खेळाडू असला तरी हेच नियम त्याला लागू असतात, आणि त्याच्याकडे परवाना आहे की नाही हे फिफाच्या संकेतस्थळावरील एजंटांच्या यादीत नाव शोधून भिवंडीत बसूनही तपासता येते.