मॅनेजर बदलला की बातमी होते, पोट्टे कुठं जातात?

आमच्या हिंगणीत फुटबॉल मैदानापेक्षा जागलीवर जास्त चालतो. बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल गावाच्या उशाला. रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात, म्हणून पीक उभं असेपर्यंत पोट्टे रात्री शेतात मुक्कामी असतात. युरोपातली चॅम्पियन्स लीग थंडीच्या दिवसांत आपल्याकडे रात्री दीडला सुरू होते. मग मचाणावर एकजण बॅटरी मारतो, एकजण डबा वाजवतो आणि तिसऱ्याच्या मोबाइलवर मॅच. सकाळी हीच मंडळी औषध घ्यायला माझ्या कृषी केंद्रात येतात. फवारणीचं प्रमाण विचारायच्या आधी भांडण सुरू झालेलं असतं.

भांडणाचा विषय बहुतेक वेळा एकच: नवीन मॅनेजर. आमच्याकडे मँचेस्टर युनायटेडवाले जास्त, त्यामुळे विषयाला तोटा नाही. अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ला निवृत्त झाले, त्यानंतर या क्लबनं मोयेस, फान खाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि अमोरिम असे, हंगामी सोडून, सहा मॅनेजर करून पाहिले. अमोरिमच्या पहिल्या मोसमात, म्हणजे २०२४-२५मध्ये, युनायटेड लीगमध्ये १५व्या नंबरवर गेलं. जानेवारी २०२६मध्ये त्यालाही नारळ मिळाला. माझा पुतण्या त्या काळात रोज दुकानात येऊन एकच पालुपद लावायचा, "काका, त्या मेनूले खेळवत काऊन नाही हा माणूस? घरचं पोट्टं आहे ना ते!"

कोबी मेनू क्लबच्या स्वतःच्या अकादमीत लहानपणापासून वाढलेला. मे २०२४मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध युनायटेड २-१ नं जिंकलं. दोन्ही गोल अकादमीतल्या पोरांचे, एक गार्नाचोचा आणि दुसरा मेनूचा. मेनू तेव्हा १९ वर्षांचा होता. दीड वर्षानं तोच मेनू अमोरिमच्या संघात बाकावर बसून होता आणि गार्नाचो चेल्सीला विकला गेला होता. पुतण्याचा राग त्यामुळे मला समजतो. फक्त तो राग चुकीच्या माणसावर निघतो असं मला वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

मॅनेजरची नोकरी किती दिवसांची असते ते आधी बघा. करार दोन-तीन वर्षांचा. प्रत्यक्षात पाच-सहा सामने लागोपाठ हरले की बॅग भरायची वेळ येते. अकादमीत मात्र पोरगं आठ-नऊ वर्षांचं असताना येतं आणि पहिल्या संघात येईतो १८-१९ वर्षांचं होतं. सोयाबीन पेरणाऱ्याला संत्र्याच्या बागेची राखण दिली तर तो काय करील? त्याला चार महिन्यांत पीक दाखवायचं आहे. तो कलमांना पाणी घालत बसणार नाही, तयार माल आणेल. मॅनेजर तरुण पोरांना खेळवत नाही तेव्हा तो दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. १९ वर्षांच्या पोराची एक चूक म्हणजे एक गोल, एक गोल म्हणजे एक हार.

याला अपवाद असतात, आणि ते नेहमी अशाच क्लबांत सापडतात जिथं मॅनेजरच्या डोक्यावर धोरण बसलेलं असतं. स्पेनमधलं अॅथलेटिक बिल्बाओ शंभरहून अधिक वर्षं बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथं घडलेले खेळाडूच घेतं. तिथं कोणीही मॅनेजर आला तरी त्याला पोरं घडवावीच लागतात, कारण बाजारात जायची सोयच नाही. बार्सिलोनानं एप्रिल २०२३मध्ये लामिन यमालला १५व्या वर्षी लीगच्या सामन्यात उतरवलं. ती शावीची हिंमत होती, खरंच. पण क्लब तेव्हा पैशाच्या अडचणीत होता हेही तितकंच खरं.

पैशाची दुसरी बाजू आमच्या पोट्ट्यांना समजावून सांगताना मला बिलबुक काढावं लागलं. युरोपातले बरेच क्लब आता खर्चाच्या मर्यादेत बांधलेले आहेत. पाच वर्षांच्या करारावर १० कोटींना खेळाडू घेतला तर हिशोबात दरवर्षी २ कोटी खर्च पडतो. अकादमीतलं पोरगं मात्र वहीत शून्य किमतीला उभं असतं. ते २५ कोटींना विकलं की सगळे २५ कोटी नफा. म्हणून अडचणीत आलेला क्लब आधी घरचं पोरगं विकतो. युनायटेडनं २०२४मध्ये स्कॉट मॅकटॉमिनेला नापोलीला विकलं, ते असंच. पाचव्या वर्षापासून क्लबमध्ये असलेला हा माणूस पुढच्याच मोसमात इटलीचं विजेतेपद जिंकून तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. "विकला कोणी? मॅनेजरनं का हिशोबनिसानं?" असं मी विचारलं तेव्हा दुकानात पहिल्यांदा शांतता झाली. मग एकानं उधारी वाढवायची का म्हणून विचारलं.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्रात या वादाचं रूपच वेगळं आहे. आपल्याकडे मॅनेजर बदलत नाही, क्लबच बंद होतो.

मुंबईचं महिंद्रा युनायटेड १९६२पासूनचं. २००५-०६मध्ये गोव्याच्या डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१०मध्ये कंपनीनं संघ बंद केला. मुंबई एफसी २००७ला सुरू झालं, २०१७मध्ये संपलं. पुणे एफसीही २००७चं. त्यांनी खरंखुरं निवासी अकादमीचं काम केलं, त्यांच्या पोरांनी राष्ट्रीय युवा लीग जिंकली. २०१५च्या सुमारास मालकांनी अंग काढून घेतलं. पुण्यातच डीएसके शिवाजियन्सनं लिव्हरपूलच्या नावानं अकादमी काढली, तीही गेली.

पुणे एफसीची अकादमी त्यानंतर एफसी पुणे सिटीकडं आली. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन त्याच अकादमीतला. तिथून तो काही काळ स्पेनला विल्यारेआलच्या तिसऱ्या संघात खेळून आला आणि पुढे भारताकडून खेळला. म्हणजे पुण्यात माणूस घडवता येत होता. पण २०१९मध्ये पुणे सिटी बंद झालं आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. हैदराबादला मानोलो मार्केझ नावाचा स्पॅनिश कोच आला. त्यानं आकाश मिश्रा, आशिष राय, लिस्टन कुलासो अशा कोवळ्या पोरांना बेधडक खेळवलं आणि २०२१-२२चा कप जिंकून दाखवला. चांगला कोच काय करू शकतो, याचं भारतातलं हे सगळ्यात चोख उदाहरण. पण गंमत बघा, २०२५मध्ये हैदराबादही उठून दिल्लीला गेलं. पुण्यातली जागा अशी दोन शहरं फिरून आली आणि पुण्यात अकादमीची पाटी तेवढी उरली असेल नसेल.

मुंबई सिटी एफसीचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०१९मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपनं ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर सर्जिओ लोबेरा आले, २०२०-२१ची शिल्ड (साखळीत पहिलं आल्याची) आणि कप दोन्ही जिंकले. मग डेस बकिंगहॅम, त्यांची २०२२-२३ची शिल्ड. ते मोसमाच्या मध्येच इंग्लंडला गेले तर डिसेंबर २०२३मध्ये पेत्र क्रात्की आले आणि मे २०२४मध्ये मोहन बागानला कोलकात्यात ३-१ नं हरवून पुन्हा कप. कोच बदलला तरी काम अडलं नाही, एवढं उत्तम चाललं होतं. त्या २०२४च्या संघाचा कप्तान राहुल भेके, मुंबईचा पोरगा. पण तो मुंबई सिटीनं घडवलेला नाही. तो आधीच मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, बंगळुरू असा फिरून, पिकून आलेला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी २०१५पासून चालते, ती कुठल्याही क्लबची नाही. आणि डिसेंबर २०२५मध्ये, लीगच होणार की नाही याची खात्री नसताना, सिटी ग्रुपनं मुंबईतला आपला हिस्सा सोडला.

हे सगळं मी दुकानात सांगितलं की पुतण्या म्हणतो, "मंग खालिद जमील कुठून आला?" प्रश्न बरोबर आहे. खालिद जमील महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मुंबई एफसीचे २००९पासून सात मोसम कोच होते. भारतात एका कोचला एका क्लबनं इतकी वर्षं ठेवणं म्हणजे नवलच. तुटपुंज्या पैशात संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचवायचा, हे शिक्षण त्यांना तिथं मिळालं. मग मिझोरामच्या ऐझॉल एफसीला त्यांनी २०१६-१७मध्ये आय-लीग जिंकून दिली. ऑगस्ट २०२५मध्ये ते भारताचे मुख्य कोच झाले, २०१२नंतरचे पहिले भारतीय. सुरुवातीला मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरनं २-१ नं हरवलं, आशियाई कपची दारं बंद झाली, आणि लगेच "कोच बदला" सुरू.

मला तेव्हा एकच गोष्ट दिसत होती. आघाडीला गोल करणारा माणूस मिळत नाही म्हणून निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला २०२५मध्ये चाळिशीत परत बोलावलेलं होतं. सिंगापूरविरुद्ध तो ४१ वर्षांचा होता. हा दोष जमीलचा कसा? जमीलच्या आधी भारताचा कोच असलेल्या मानोलोचाही नाही. आपल्या लीगमध्ये प्रत्येक संघ मैदानात चार परदेशी खेळाडू उतरवू शकतो आणि त्यातला एक बहुतेक वेळा स्ट्रायकर असतो. अकादमीतलं स्ट्रायकर पोरगं मग विंगेवर किंवा बाकावर. राष्ट्रीय कोचनं नऊ नंबर आणायचा कुठून?

महाराष्ट्रात फुटबॉलची खरी गर्दी कोल्हापुरात. तिथं पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा अशी तालमींची नावं घेतलेले संघ, आणि शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्ष्या. तिथल्या कट्ट्यावरही वाद आमच्यासारखाच: पैसे मोजून आणलेला नायजेरियन खेळवायचा की पेठेतलं पोरगं? त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला घडवलं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं, म्हणजे सरकारनं. आमच्या बाजूला नागपुरात विजय बारसे सरांनी २००१पासून झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर उभं केलं, 'झुंड' सिनेमा त्यांच्यावरच. ते काम मोठं, पण त्याचा हेतू पोरांचं आयुष्य मार्गी लावणं हा आहे, लीगला खेळाडू पुरवणं नाही. दोन्ही ठिकाणी पोरं घडवणारा क्लब नाहीच. क्लबनं पोरं घडवावीत आणि तीच खेळवावीत, हा धागा आपल्याकडे कुठंच पुरता जुळलेला नाही.

क्लबला यातून मिळणार काय, असं विचारणारे असतात. तर फिफाचा नियम असा की खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात ज्यांनी शिकवलं त्या क्लबांत वाटले जातात. अट एकच, त्या वर्षांत त्याची त्या क्लबकडं नोंदणी असली पाहिजे. कागद नसेल तर एक पैसा नाही.

म्हणून जाता जाता पालकांना सांगणं. वर्धा, नागपूर, सगळीकडे आता 'फुटबॉल अकादमी'च्या पाट्या लागतात. युरोपातल्या क्लबाचा झेंडा आणि फीचा आकडा बघून पोराचं नाव घालू नका. तीन गोष्टी विचारा. कोचकडं भारतीय किंवा आशियाई महासंघाचं लायसन्स आहे का, डी, सी की बी? अकादमीचा संघ जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या लीगमध्ये उतरतो का, की वर्षभर नुसते कोन मांडून पळवतात? आणि पोराची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत या क्लबच्या नावानं नोंद होणार का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर ती अकादमी नाही, शिकवणी वर्ग आहे, आणि फी त्याच हिशोबानं द्या.